पेस्ट लावली तेव्हा बाळ कुठे होतं?

प्रश्न निफाड तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. शेवटची पाळी १२ सप्टेंबरला आली. ३० सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर त्या द्राक्षबागेत मजुरांबरोबर छाटणीनंतरची, काडीवरचे डोळे (कोंब) फुटावेत म्हणून लावायची रासायनिक पेस्ट लावत होत्या. हातमोजे कधी घातले, कधी उकडतं म्हणून काढून ठेवले. १४ ऑक्टोबरला घरीच चाचणी केली, दोन रेषा आल्या. ३१ ऑक्टोबरच्या सोनोग्राफीत ठोके दिसले आणि कागदावर ७ आठवडे असं लिहून आलं. घरचे मोजतात तर पाचच आठवडे होतात. सासूबाई म्हणतात, तिसऱ्या महिन्यापर्यंत नुसता गोळा असतो, त्याला काय होतंय? ताईंना मात्र रात्र रात्र झोप नाही. ‘बाळाचं काय काय कधी तयार होतं ते तारखेनिशी सांगा,’ असं त्यांनी विचारलंय.

ताई, तारखा तुम्ही इतक्या चोख दिल्यात की उत्तरही तसंच देता येईल. सत्तावीस वर्षं नाशकात बाळंतपणं करते आहे, पण पाळीची तारीख विचारली की ‘गणपतीच्या आधी आली होती बहुतेक’ असंच जास्त वेळा ऐकायला मिळतं.

आधी पाच की सात, हे मिटवू. आम्ही आठवडे मोजतो ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून. बीज सुटल्याचा दिवस बाईला कळत नाही, पाळीचा आठवतो, म्हणून ही पद्धत. त्या हिशेबात पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतंच. २८ दिवसांची पाळी धरली तर तुमचं बीज २६ सप्टेंबरच्या आसपास सुटलं आणि फळलं. म्हणजे ३१ ऑक्टोबरला बाळाचं खरं वय ३५ दिवस, पाच आठवडे. कागदही बरोबर आणि तुमचं घरही बरोबर. पुढे मी ‘वय’ म्हणेन ते खरं वय समजा आणि ‘कागदावरचे आठवडे’ म्हणेन तेव्हा त्यात दोन जास्तीचे धरा. बाळंतपणाची तारीख १९ जून निघते, पाळीपासून २८० दिवस. त्याच तारखेला बाळंत होणाऱ्या बायका अगदी थोड्या असतात, तेव्हा १९ जूनला बॅग भरून दारात बसू नका.

आता पेस्टचे दिवस. सुटलेलं स्त्रीबीज १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत वाट बघत राहू शकतात. दोघांची गाठ पडते ती गर्भनलिकेत, गर्भाशयात नव्हे. फळलेलं बीज म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा ठिपका. साधारण एका दिवसात त्याच्या दोन पेशी होतात, मग चार, मग आठ, पण ठिपका मोठा होत नाही, आतल्या आत वाटण्या होत राहतात. असं करत तो नळीतून सरकतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी गर्भाशयात पोचतो. पाचव्या दिवशी त्याचा पोकळ चेंडू होतो. बाहेरच्या थराची पुढे वार होते आणि आत एका बाजूला चिकटलेल्या मूठभर पेशींचं बाळ. सहाव्या-सातव्या दिवशी हा चेंडू गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतो आणि दहा-बारा दिवसांचा होईपर्यंत त्यात पुरता रुतून बसतो.

३० सप्टेंबरला तुमच्या बाळाचं वय होतं ४ दिवस, आणि ४ ऑक्टोबरला ८ दिवस. तुमचे हात पेस्टमध्ये होते तेव्हा त्याला हात नव्हते, डोकं नव्हतं, पुढचं-मागचं काही ठरलेलं नव्हतं. वार नव्हती, नाळ नव्हती. या वयात आतल्या पेशी एकमेकींचं काम करू शकतात. चार मेल्या तर उरलेल्या ती जागा भरून काढतात. फारच मोठा फटका बसला तर गर्भ रुजतच नाही, पाळी येऊन जाते आणि बाईला कळतही नाही. पहिल्या दोन आठवड्यांबद्दल आम्ही शिकतो ते हेच: एकतर सगळं जातं, नाहीतर काहीच बिघडत नाही. तुमचं रुजलं, वाढलं, ठोके पडले, आणि माप तारखेशी जुळतंय. व्यंगाचा धोका शून्य असा मी कुणालाच लिहून देत नाही, कारण काहीही न घडता दर १०० बाळांमागे २ ते ३ बाळांत मोठं व्यंग निघतंच. पण त्या पाच दिवसांमुळे झोप घालवण्याचं कारण मला दिसत नाही.

त्या पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड हे निरुपद्रवी द्रव्य आहे, असा मात्र याचा अर्थ काढू नका. हीच पेस्ट तुम्ही तीन आठवड्यांनी लावली असती, तर माझं उत्तर इतकं मोकळं नसतं.

का, ते बागाईतदाराच्या घरात समजावणं सोपं आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडतो. पण तो घड ऑक्टोबरात तयार होतो का? तुमच्या सासऱ्यांना विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीतल्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, वरून काही दिसत नाही, आणि त्या दिवसांत पाणी-खत-ऊन चुकलं की ऑक्टोबरात कितीही पेस्ट लावा, गोळीघडच, म्हणजे खुरटा, नावापुरता घड निघतो. बाळाचंही तसंच आहे. पोट दिसायला लागतं पाचव्या महिन्यात, डोहाळजेवण होतं सातव्यात, आणि बांधणी झालेली असते वयाच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. बाई अजून ‘पाळी दोन-चार दिवस पुढे गेली असेल’ म्हणत असते तेव्हा ती सुरू होते, आणि ती आमच्या दारात येते तेव्हा निम्मी उरकलेली असते. प्रसूतितज्ज्ञ म्हणून मला कशाची हळहळ वाटत असेल तर ती याची. आमची सगळी तपासणी उशिरा सुरू होते.

तुमच्या तारखांनी बघू. १० ऑक्टोबरला, पाळी चुकली त्या दिवशी, बाळ १४ दिवसांचं होतं, दोन थरांची एक चपटी चकती. पुढच्या आठवड्यात त्या चकतीच्या मध्यावर एक रेघ उमटते, पेशी त्या रेघेतून आत शिरतात आणि दोनाचे तीन थर होतात. वरच्या थरापासून कातडी, केस, मेंदू आणि मज्जातंतू. मधल्यापासून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडं. खालच्यापासून अन्नमार्गाचं आणि फुफ्फुसांचं आतलं अस्तर, यकृत, स्वादुपिंड. डोकं कुठे, शेपटीकडची बाजू कुठे, डावं-उजवं कुठलं, हेही याच आठवड्यात ठरतं. शिकत असताना मला हा भाग रुक्ष वाटायचा, नुसती नावं पाठ केली होती. पुढे इतकी वर्षं बायकांच्या तारखा मोजल्यावर कळलं की अख्ख्या गरोदरपणात याच्याएवढा मोठा आठवडा दुसरा नाही.

१४ ऑक्टोबरला तुम्ही चाचणी केलीत तेव्हा त्या चकतीच्या पाठीवर एक जाडसर पट्टी उमटत होती. ही पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते आणि कडा मधोमध जुळून नळी होते, जशी करंजीची पारी दुमडून कडा मिटवतात. जुळणी मधून सुरू होऊन दोन्ही टोकांकडे जाते. डोक्याकडचं टोक साधारण २५ व्या दिवशी मिटतं, कंबरेकडचं २७-२८ व्या. तुमच्या हिशेबात २१ ते २४ ऑक्टोबर. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू बनत नाहीत, असं बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीच्या कण्यात फट राहते, आणि पायांतली ताकद व लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

फॉलिक ॲसिडची गोळी यासाठी असते. १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक देशांत घेतलेल्या चाचणीचे निकाल आले. आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटलं. बाकीच्यांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून. आपल्याकडे बहुतेकींच्या हातात गोळी पडते ती कागदावरच्या सातव्या-आठव्या आठवड्यात, म्हणजे नळी मिटून गेल्यावर. नंतरही ती घ्यायचीच, रक्तासाठी लागते. पण ज्या कामासाठी तिचं नाव झालं ते काम उरकलेलं असतं. तुमची धाकटी जाऊ किंवा नणंद दिवस राहण्याचा विचार करत असेल तर तिच्यासाठी आजच आणा.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक बाई माझ्या डोक्यातून जात नाही. कागदावरच्या एकोणिसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, बाळाची कवटीच नव्हती. ती एकच विचारत राहिली, ‘मॅडम, महिन्यापूर्वी मी ओट्यावरून घसरले होते, त्यानं झालं ना?’ घरच्यांनीही तेच धरलं होतं. मी कॅलेंडर काढलं, बोटानं मागे मागे गेले आणि तारीख दाखवली. ‘हे इथे झालंय, तुम्हाला दिवस गेलेत हे कळायच्या सुमाराला.’ ती रडली, पण सासू गप्प झाली. तेव्हापासून माझ्या टेबलावर कॅलेंडर असतं.

हृदय. २२-२३ व्या दिवशी ते हलायला लागतं, तुमच्या हिशेबात १८-१९ ऑक्टोबर. तेव्हा ते चार कप्प्यांचं नसतं, एक साधी नळी असते. ती वाढता वाढता वाकते, पिळा घेते, मग आत पडदे येतात आणि सातव्या आठवड्याच्या शेवटी कप्पे वेगळे होतात. सगळ्यांत आधी कामाला लागणारा अवयव हाच, कारण गर्भ आता एवढा जाड होतो की नुसत्या झिरपण्यावर त्याचं पोट भरत नाही. सोनोग्राफीत ठोके कागदावरच्या सहाव्या आठवड्याच्या आसपास दिसू लागतात. कुणाला पाच-साडेपाच आठवड्यांना दिसले नाहीत म्हणून घरात रडारड नको. बीज उशिरा सुटलं असेल तर तारीखच मागे असते. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं.

मग हातपाय. २६-२७ व्या दिवशी छातीच्या बाजूंना दोन कोंब दिसतात, एक-दोन दिवसांनी पायांचे. कोंबाची आधी वल्ह्यासारखी चपटी थाप होते, तिच्यात बोटांच्या रेघा येतात, आणि रेघांमधल्या पेशी ठरवून मरतात. बोटं सुटी होतात ती कापल्यामुळे, वाढल्यामुळे नव्हे. या काळात काय बिघडू शकतं ते जगानं एकदा पाहिलंय. १९५० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात थॅलिडोमाइड हे औषध गरोदर बायकांना मळमळीवर सर्रास दिलं जात होतं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं, पण त्याच्यामुळे १०,००० हून अधिक मुलं तोकडे किंवा अर्धवट हातपाय आणि इतर व्यंगं घेऊन जन्मली. गोळी वयाच्या साधारण २० ते ३६ व्या दिवसांत पोटात गेली असेल तरच हे व्हायचं, आणि नेमकं काय बिघडेल तेही दिवसावर ठरायचं. म्हणून मळमळीची गोळीसुद्धा मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन तर घरातच ठेवू नका. फिटच्या काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला त्रासदायक आहेत, पण त्या स्वतःच्या मनानं बंद करणं त्याहून धोक्याचं. डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या, आणि तेही दिवस राहण्याआधी. मधुमेह असेल तर साखरही आधीच ताब्यात हवी. आणि निफाड-येवल्याकडे हे विचारावंच लागतं: मिश्री लावत असाल तर सोडा. दात स्वच्छ होतात हा समज आहे, आत जातो तो तंबाखूच, आणि बाळ वजनाला कमी भरतं.

आता सासूबाईंचा गोळा. त्यांना हसू नका, त्यांचं म्हणणं फार जुन्या वळणाचं आहे. चरकानं दुसऱ्या महिन्यात गर्भाला नुसता गोळाच म्हटलंय आणि सगळी अंगं तिसऱ्या महिन्यात एकदम फुटतात असं सांगितलंय. सुश्रुतसंहितेत तर एक सुंदर वाद आहे. आधी काय होतं? कुणी म्हणतं डोकं, कुणी हृदय, कुणी नाभी, कुणी हातपाय. धन्वंतरी म्हणतात, सगळं एकाच वेळी होतं, फक्त बारीक असल्यामुळे दिसत नाही, जसं कोवळ्या आंब्यात गर, कोय आणि धागे वेगळे कळत नाहीत, पिकल्यावर कळतात. सूक्ष्मदर्शक नसताना केलेला हा विचार आहे, मला तो फार आवडतो. आज आपल्याला माहीत आहे की क्रम असतो, हृदय आणि मज्जानळी पुढे, बोटं मागे. पण दिसत नाही म्हणजे नाही असं नव्हे, ही धन्वंतरींची बाजू पक्की निघाली. चौथ्या महिन्यात हृदय व्यक्त होतं, म्हणून दोन हृदयांची ती दौहृदिनी, असंही तिथे आहे. आपले डोहाळे त्याच घराण्यातले. सासूबाईंना एवढंच सांगा की तिसरा महिना सरतो तेव्हा गोळ्याचं माणूस झालेलं असतं. २१ नोव्हेंबरला तुमचं बाळ ५६ दिवसांचं होईल, डोक्यापासून ढुंगणापर्यंत जेमतेम तीन सेंटिमीटर. पापण्या, कान, कोपर, बोटं, सगळं असेल, शेपटी गेलेली असेल. आतडं मात्र थोडं नाळेच्या मुळाशी बाहेर असतं, पोटात जागा नसते म्हणून. दोनेक आठवड्यांत ते आत जातं.

मुलगा की मुलगी, ते बीज फळलं त्या क्षणीच ठरलेलं आहे, पण सुमारे सातव्या आठवड्यापर्यंत दोघांची घडण एकसारखी असते आणि बाहेरून फरक दिसायला कागदावरचे बारा-तेरा आठवडे जावे लागतात. १९९४ च्या कायद्यानं ते सांगणं गुन्हा आहे. माझ्याकडे यावर दुसरं वाक्य नसतं.

यानंतरची वाढ मी भराभर सांगते, कारण नवं फार थोडं बनतं, बनलेलं मोठं होतं. वारेनं आता सगळा कारभार हाती घेतलेला असतो. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त तिच्यात शेजारून वाहतं, मिसळत नाही. प्राणवायू, साखर, औषधं, निकोटिन मात्र पलीकडे जातात. संक्रांतीनंतर, कागदावरच्या १८ ते २० आठवड्यांत, तुम्हाला आत फुलपाखरासारखं काही जाणवेल. पहिलटकरणीला हे गॅस वाटतात. बाळ त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतं. अंगावर बारीक लव येते, चिकासारखा पांढरा थर येतो. कान पंचवीसेक आठवड्यांना ऐकायला लागतात, मिटलेल्या पापण्या सव्वीसच्या सुमारास उघडतात. केशर प्यायल्यानं रंग उजळत नाही, चव आवडत असेल तर प्या. ग्रहणात सुरी धरल्यानं ओठ फाटत नाही. ओठाची जुळणी कागदावरच्या नवव्या आठवड्याच्या आसपास झालेली असते, टाळूची बाराच्या सुमारास. सहाव्या महिन्यात ग्रहण आलं तर ते ओठापर्यंत पोचणार कुठून?

एका समजावर मात्र मी थांबते, कारण त्यानं जीव जातात. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.’ आठव्या महिन्यात ओज अस्थिर असतं हे जुन्या ग्रंथांतलं मत, त्यातून हे आलेलं. खरं उलट आहे. फुफ्फुसांतले फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक साबणासारखा पदार्थ लागतो. तो कागदावरच्या २४ आठवड्यांच्या आसपास बनू लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ उजाडतात. २८ आठवड्यांना बाळ साधारण एक किलोचं असतं, ३४ ला दोनच्या आसपास. आत काढलेला प्रत्येक जादा आठवडा त्याच्या फायद्याचा. तेव्हा ८ मेच्या आधी, म्हणजे ३४ आठवडे भरण्याआधी, पोटात कळा येऊ लागल्या, पाणी गेलं, तर ‘सातवा आहे, होऊ दे’ म्हणत घरी बसायचं नाही. वेळेत पोचलात तर स्टिरॉइडची इंजेक्शनं देऊन फुफ्फुसं लवकर तयार करता येतात, पण त्यांना काम करायला काही तास, शक्यतो दोन दिवस हवेत. निफाडहून नाशिकपर्यंतचा रस्ता आणि गाडी कुणाची, हे एप्रिलमध्येच ठरवून ठेवा.

मेंदूची वाढ शेवटपर्यंत आणि जन्मानंतरही चालूच असते, म्हणून बागेचा प्रश्न पेस्टच्या पाच दिवसांवर संपत नाही. यापुढे पेस्ट, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरची फवारणी, कशातच हात नको. फवारलेल्या प्लॉटमध्ये लगेच जायचं नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, आणि ते दुसऱ्या कुणीतरी धुवायचे. तुमचे यजमान धुवू शकतात, त्यांना दोन हात वयाच्या चौथ्या आठवड्यापासून आहेत.

पुढची सोनोग्राफी २८ नोव्हेंबर ते १८ डिसेंबर या दिवसांत करायची, कागदावरचे ११ ते १४ आठवडे. त्यात मानेमागची जाडी मोजतात आणि सोबत रक्ताची डबल मार्कर चाचणी होते. दुसरी, अवयव तपासायची, १६ ते ३० जानेवारीत. तपासणाऱ्या डॉक्टरांना पेस्टची गोष्ट तारखांसकट सांगा, लपवू नका. पहिली तारीख नेमकी तुमच्या विरळणी आणि डिपिंगच्या घाईत येते, आणि मग बायका ‘बागेचं उरकलं की येते’ म्हणतात आणि जानेवारीत उगवतात. तेव्हा मानेमागची ती जाडी मोजण्यात अर्थ उरलेला नसतो. एखादी बाई जास्तीची मजुरीनं लावा, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला दिवस आत्ताच नोंदवून टाका.